दुसरी पायली

गोखिवऱ्यातल्या एका गाळेवाल्या शेठच्या डोक्यात टेम्पोत संग्रहालय काढायचं आलं, तेव्हा त्याच्या बायकोने पहिला प्रश्न विचारला तो डिझेलचा. प्रश्न रास्त होता. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे, दुकानांची शटरं करून पोट भरणाऱ्या माणसाने इतिहासाच्या वाटेला जायचं तसं काही कारण नसतं. पण मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली एक बस आतून संग्रहालयासारखी सजवली आणि ती शाळांच्या आवारांत, गावोगावी धाडायला सुरुवात केली. ती बस शेठने एकदा एका शाळेसमोर उभी पाहिली. आत काय मांडलंय ते त्याने नंतर पाहिलं. आधी वाकून खालची फ्रेम पाहिली, दाराच्या बिजागऱ्या पाहिल्या, काचेची कपाटं धक्क्याने हलू नयेत म्हणून काय केलंय ते हात लावून पाहिलं. हे आपल्या गाळ्यात होण्यासारखं आहे असं त्याला वाटलं, आणि झालंही. जुन्या चारशेसात टेम्पोच्या हौद्यात अँगलचा सांगाडा उभा राहिला, ॲक्रिलिकची कपाटं बसली, एलईडीच्या पट्ट्या लागल्या, मागे चढायला घडीच्या पायऱ्या झाल्या.

आत कुठला इतिहास ठेवायचा, यावर मात्र तिघांचं जमेना.

तिघं म्हणजे शेठ, त्याचे शाळेतले इतिहासाचे सर, आणि गावातलीच एक मुलगी. ती पुरातत्त्व शिकून आली होती आणि नोकरी शोधत होती. सरांच्या मनात शंका नव्हती. वसईत राहून दाखवायचं ते १७३९ च. चिमाजी आप्पांचा वेढा, सां सेबास्तियन बुरुजाखाली पेरलेले सुरुंग, मे महिन्यातली शरणागती, आणि मग चर्चमधल्या घंटा हत्तींवरून, गाड्यांवरून देशभर गेल्या ती गोष्ट. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. सर हे सांगू लागले की त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढायचा, आणि शेठला पुन्हा आठवीत बसल्यासारखं व्हायचं.

मुलीचं म्हणणं होतं, सोपारा. इथून हाकेच्या अंतरावर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाच्या कोटात खणलं, तेव्हा दगडी पेटी निघाली. तिच्यात ब्राँझच्या आठ बुद्धमूर्तींनी वेढलेली तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, तिच्यात आणखी, अशा एकात एक डब्या. शेवटची सोन्याची, आणि त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तुकडे. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा इथेच सापडला, तो आता मुंबईच्या संग्रहालयात आहे. पुढे १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला.

"त्या आठव्या लेखात काय लिहिलंय माहितीय का, काका?" ती शेठला म्हणाली. "आधीचे राजे शिकारीला, मौजेला फिरायचे. अशोक म्हणतो, मी निघालो तो वेगळ्या कामाला. साधुसंतांना भेटायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटायचं, खेड्यापाड्यांतल्या माणसांना भेटायचं, त्यांच्याशी धर्माचं बोलायचं आणि त्यांना विचारायचं. आपला टेम्पो दुसरं काय करणार आहे?"

"पोरी, लोकांना लढाई लागते," सर म्हणाले. "मातीचे तुकडे बघायला कोण थांबेल?"

शेठने सरांच्या बाजूने कौल दिला. कारण त्याने कुणाला सांगितलं नाही, पण ते फार अवघड नव्हतं. लोखंडाची छोटी तोफ करून टेम्पोच्या टपावर बसवायची त्याची केव्हापासूनची इच्छा होती.

विषय निवडण्याच्या या बैठकीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही, आणि अशा बैठकांत ती सहसा येत नाही. दोन्ही विषय चांगले होते, खरे होते, आणि दोन्हींत तिघांपैकी कुणाचंही काही जाणार नव्हतं. १७३९ चा शत्रू ठरलेल्या मुदतीत, मानाने, आपापली शस्त्रं घेऊन जहाजात बसून गेला. अशोक तर त्याच्याही पलीकडचा. त्यांच्यापैकी कुणी उठून 'माझ्याबद्दल हे काय लिहिलंत' असं विचारायला येणार नव्हतं.

दिवाळी उलटल्यावर, भात झोडून झाल्यावर टेम्पो निघाला. पहिला मुक्काम तुंगारेश्वरच्या पायथ्याचा एक पाडा. गोखिवऱ्यापासून दूर नाही, पण मधे गाळ्यांच्या रांगा, गोदामं, कंटेनरांची वर्दळ आणि मग एकदम साग नि करवंदीच्या जाळ्या. टेम्पो थांबला तशी बायका रेशनकार्डं घेऊन आल्या. कुणाला वाटलं डोळे तपासायला आलेत, कुणाला वाटलं निवडणूक लागली. पोरं टपावरच्या तोफेवर चढली. सर पायऱ्यांवर उभे राहून बोलू लागले आणि लोकांनी ते सभ्यपणे ऐकून घेतलं. मास्तर बोलतात तेव्हा गप्प बसायचं असतं, हे त्यांना शाळेपासून माहीत होतं. मग रांगेने सगळे आत गेले आणि रांगेने बाहेर आले. कपाटांतल्या किल्ल्याच्या प्रतिकृतीपाशी, नकाशापाशी, घंटांच्या फोटोंपाशी कुणी खोळंबलं नाही.

खोळंबले ते दाराशी. तिथे एका स्टुलावर पत्रकं ठेवायला म्हणून शेठने घरच्या माळ्यावरची जुनी पायली आणली होती. लोखंडी, जाड पत्र्याची, काठाला पितळेची पट्टी. प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा बरी दिसते म्हणून. पत्रकं कुणी घेत नव्हतं. बायका पायलीला हात लावत होत्या, आत डोकावत होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एकीने पत्रकं काढून बाजूला ठेवली आणि पायली उचलून तिचं वजन हातावर घेतलं. तेवढ्यात मागून एक म्हातारबा आले. ऐकू कमी येत असल्याने ते मोठ्याने बोलत.

"ही घ्यायची का द्यायची?"

शेठला प्रश्न कळला नाही. सर म्हणाले, "बाबा, हे माप आहे. चार शेरांचं. दोन शेरांची अधोली, दोन अधोलींची पायली."

"ता आम्हाला सांगू नका," म्हातारबा म्हणाले. "घ्यायची का द्यायची, ता सांगा." त्यांनी पायलीच्या काठावरून आतून बोट फिरवलं, खोली टीच लावून बघितली आणि शेठकडे वळून विचारलं, "दुसरी कुठंय?"

मग जे सुरू झालं त्यासाठी टेम्पोत जागा नव्हती, म्हणून सगळे आंब्याखाली बसले. आषाढात घरातलं सरलं की शेठकडे जायचं, खावटी आणायची. आठ पायली नेली की बारा द्यायची, दीडीने. नेताना माप लहान, आणि वरून हाताने सपाट केलेलं. फेडताना माप मोठं, आणि ते शिगेचं. शीग ढासळून खाली सांडलेलं भातही मोजणाऱ्याचं. हे कुणाच्या बापाने पाहिलेलं, कुणाच्या आज्याने. म्हातारबांनी स्वतः लहानपणी बापाचं बोट धरून पाहिलेलं. कोण कुठल्या शेठचं कूळ होतं, कुणाची बैलं फेडीत गेली, कुणाचा मुलगा सालावर राहिला, एकजण सांगे आणि दुसरा दुरुस्त करी. सर वही काढून लिहीत होते. या सर्वात 'शेठ' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि दर वेळी गाळेवाला शेठ नकळत मान वर करत होता.

डहाणू, उंबरगाव, तलासरीकडे १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले, हे सरांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, परीक्षेत पाच मार्कांना. त्या पाच मार्कांतलं माप एखाद्या घराच्या माळ्यावर असू शकतं, एवढं मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं.

रात्री शेठ माळ्यावर चढला. दुसरी पायली कुठे असेल ते त्याला ठाऊक होतं, कारण लहानपणापासून त्याने दोन्ही एकात एक बसवलेल्या पाहिल्या होत्या. त्याची आई म्हणायची, ती जोडी आहे, मोडायची नाही. जोडी का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्या घराचा इतिहास एरवी चोख सांगितला जाई, पण तो सुरू होई १ एप्रिल १९५७ पासून. त्या दिवशी कसेल त्याची जमीन झाली, कुळकायद्यात सगळं गेलं, आजोबांनी अंथरूण धरलं, वडिलांना नोकरीसाठी रोज लोकलने मुंबई गाठावी लागली. हे दुःख खरं होतं, त्या माणसांनी ते भोगलं होतं. त्याच्या आधीच्या वर्षांबद्दल मात्र घरात एवढंच बोललं जाई की तेव्हा भात खंडीने यायचं. राहिलेल्या तुकड्यावर पुढे गाळे उभे राहिले आणि पागडीच्या पैशांत नातवाने स्वतःचा गाळा घेतला, हाही इतिहासच. पण तो कुणी सांगत नसे, कारण त्यात रडण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं गाळ्यात बसले. बाहेर वेल्डिंग चालू होतं.

"विषय बदलायला हवा," मुलगी म्हणाली.

सरांनी तडजोड काढली. ते शेठचे सर होते, त्याला अडचणीत बघवत नव्हतं. "असं करू. खावटी नि सावकारी यावर एक फलक लावू. सर्वसाधारण. महाराष्ट्रभर हीच पद्धत होती, असं लिहू. चित्र काढून घेऊ मापाचं. वस्तू ठेवायची गरज नाही. अरे, उगाच गावात बोभाटा कशाला? तुझ्या भावकीतले काय म्हणतील?"

या सल्ल्यात वावगं काही नव्हतं, आणि म्हणूनच तो धोक्याचा होता. बहुतेक प्रदर्शनं अशाच सल्ल्यांवर उभी असतात. जे सगळीकडे घडलं, ते कुठेच घडलं नाही असं वाटेल इतपत पुसट करून भिंतीवर लावायचं. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी गोळा केली, लोक त्यांना वेडा म्हणाले, आणि त्याच वस्तूंचं मोठं संग्रहालय झालं. अडकित्ता पाहून कुणाला अपराधी वाटत नाही. पायलीचं तसं नाही. तिला दोन हात लागतात, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, आणि इथे त्यांतल्या एका हाताचा नातू समोर बसला होता.

मुलीने वाद घातला नाही. तिने एवढंच म्हटलं, "काका, मी अशोकाचं सांगत होते, पण त्यातलं शेवटचं मीच केलं नाही. आपण पाड्यावर जाऊन सांगून आलो. विचारलं ते त्यांनी. आता उत्तर तुम्ही द्यायचं, मी नाही देऊ शकत. माझ्या घरात पायली नाही."

शेठने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग कारागिराला हाक मारून टपावरची तोफ उतरवायला सांगितली. कारागीर बिहारचा होता. त्याला वाटलं तोफेला गंज धरला असेल.

आईची समजूत काढायला मात्र दिवस गेले. जोडी घराबाहेर न्यायला तिची ना नव्हती, पण काय लिहिणार ते तिला आधी हवं होतं. मुलीने लिहून आणलेला पहिला मजकूर तिने वाचायला लावला: 'सावकारी मापे, विसावे शतक, वसई परिसर.' म्हातारी म्हणाली, "म्हणजे कुणाची?" शेठने कागद घेतला, खोडला आणि खाली लिहिलं, 'आमच्या घरातल्या पायल्या. लहान देण्याची, मोठी घेण्याची.' त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट. म्हातारीने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, आजोबांचंही घाल. मापत ते होते.

ती रागाने म्हणाली की हिशेबाने, हे शेठला कधी कळलं नाही. त्याने घातलं.

टेम्पो त्याच पाड्यावर पुन्हा गेला, या वेळी रिकाम्या कपाटांनिशी. मधोमध लाकडी पाटावर दोन पायल्या, शेजारी सरकारी छापाचा एक जुना शेर आणि रेशनच्या तांदळाचं पोतं. हात लावू नये, अशी पाटी कुठेही नव्हती. म्हातारबांनी लहान पायली भरली, तळव्याने सपाट केली, मोठीत ओतली. वर रिकामी जागा उरली. ती भरायला अर्धा शेर लागला. मग त्यांनी मोठीवर शीग चढवून दाखवली, किती ते लिहायला कुणाला सुचलं नाही. सातवीतल्या एका मुलीने शेगडीतला कोळसा घेऊन टेम्पोच्या पत्र्यावर हिशेब मांडला. शीग धरली नाही. आठ पायली नेली, चार-चार शेरांची, म्हणजे बत्तीस शेर. बारा पायली फेडली, साडेचार-साडेचार शेरांची, म्हणजे चोपन्न. बत्तीस नेलं, चोपन्न दिलं. चार-पाच महिन्यांत शंभरावर जवळजवळ एकोणसत्तर. तिने उत्तर दोनदा तपासलं, तिला वाटलं आपलंच चुकलं. सरांनी मान हलवली. बरोबर होतं.

म्हातारबांनी पाटी वाचता येणाऱ्या नातवाकडून वाचून घेतली. तीन पिढ्यांची नावं ऐकल्यावर ते शेठला म्हणाले, "तुझा आजा मापताना मोठ्याने मोजायचा. लाभ, दोन, तीन. 'एक' म्हणायचा नाही, 'लाभ' म्हणायचा." आणि त्यांनी तसं मोजून दाखवलं, त्याच चालीत. शेठने आजोबांचा आवाज ऐकलेला नव्हता. त्याचं काय करावं, हे त्याला समजलं नाही. त्याने चहा मागवला.

यातून कुणाचं भात परत मिळालं नाही. शेठने पाय धरले नाहीत, म्हातारबांनी मिठी मारली नाही. झालं ते एवढंच की टेम्पो संध्याकाळी निघायचा तो दुसऱ्या दिवशी दुपारी निघाला, आणि रिकाम्या कपाटांतली दोन भरली. एकात खापराचा तवा, दुसऱ्यात एका बाईच्या आजीचा विळा. ही कपाटं कुणी भरायची, ते गोखिवऱ्याच्या बैठकीत ठरलं नव्हतं.

पश्चिमेच्या वाड्यांत तोच टेम्पो गेला तेव्हा सरांना धाकधूक होती, कारण तिथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या दारात त्यांनी पहिल्या बेतानुसार चर्चमधून नेलेल्या घंटांचे फोटो नेले असते. पायल्या पाहून तिथे निघाल्या त्या मिठागरावरच्या मजुरीच्या गोष्टी, आणि केळीचे घड दादरच्या दलालाकडे नेल्यावर कोण कसं मोजे त्याच्या. सरांनी १७३९ सोडून दिलं नाही. आता ते किल्ल्याची गोष्ट सांगताना थांबून विचारतात, वेढ्यात दोन्हीकडच्या फौजांना भात कुणी पुरवलं असेल? कुठल्या मापाने? उत्तर त्यांनाही माहीत नाही, पण लोक बोलतात.

बोभाटा झाला, सरांनी म्हटलं होतं तसाच. भावकीतल्या दोन घरांनी शेठला लग्नाला बोलावलं नाही. एका गावच्या यात्रा कमिटीचा फोन आला: टेम्पो पाठवा, जागा फुकट देतो, पण ती मापं नको, तोफ आणा, पोरांना आवडते. शेठ म्हणाला, तोफ मोडीत घातली, पायल्या आहेत. कमिटीने जागा दिली ती पाळण्यांच्या मागे, जनरेटरशेजारी, जिथे बोललेलं ऐकूही येत नव्हतं. माणसं तिथेही आली. तांदूळ ओतायला ऐकू यावं लागत नाही.

यात्रेच्या शेवटच्या रात्री, पाळणे उतरवत असताना, बऱ्या कपड्यांतला एक मध्यमवयीन माणूस कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत काहीतरी जड होतं. इकडेतिकडे बघून तो म्हणाला, "आमच्याकडे पण आहे अशी जोडी. ठेवून घ्या. फक्त नाव नका लिहू."

शेठने पिशवी उघडली नाही. ती हातात तोलून परत त्याच्याकडे दिली.

"नावाशिवाय घेता येणार नाही," तो म्हणाला. "घरी विचारून या. आम्ही उद्या दुपारपर्यंत आहोत."